आमचे २३ दिवस तुमच्या यादीत ‘निरुपयोगी फाइल’ होते

प्रति,
व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर लिहिणारे, तपासणारे आणि त्याच्या तक्रारी वाचणारे सर्व अभियंते

विषय : अपडेटनंतर मशीनच्या डिस्कवरचे बदल नाहीसे होणे, आणि त्याबद्दल वापरणाऱ्याला एका शब्दानेही न कळवणे

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात नारायण पेठेत डीटीपीचं काम करते. वीस वर्षांहून जास्त झाली. पुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. तुमच्यातले पुष्कळजण याच शहरात, बाणेर-हिंजवडीकडे बसून डिस्क आणि मशीनचं सॉफ्टवेअर लिहितात हे मला माहीत आहे. माझा भाचाही त्याच क्षेत्रात आहे. म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे. कोणत्या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं ते मी लिहिणार नाही. मला एकाच कंपनीशी भांडायचं नाही, हे तुम्हा सगळ्यांनी वाचावं एवढीच इच्छा आहे.

आधी, डीटीपीवालीला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, कशाला लागतं ते सांगते. आमचं वीस वर्षांचं काम पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ॲडोबीने पेजमेकरचं काम २००४ मध्ये थांबवलं. मजकूर त्या काळच्या मराठी फॉन्टांत आहे, आणि त्या प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य मांडणीत, नेला की जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि मग दोनशे पानांचं पुस्तक पुन्हा अक्षर अन् अक्षर वाचावं लागतं. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला जे लॉक, म्हणजे परवान्यासाठी संगणकाला जोडायचं छोटं उपकरण, लागतं त्याचा ड्रायव्हर आमच्या नव्या संगणकावर चालत नाही. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, पण आमचे प्रकाशक, आमच्या जुन्या फाइली, दुसऱ्या आवृत्त्या, तिसऱ्या आवृत्त्या तिथेच आहेत. भाच्याने चार वर्षांपूर्वी नव्या संगणकाच्या पोटात एक्सपीचं व्हर्च्युअल मशीन बसवून दिलं. इंटरनेट तोडलेलं, फक्त पेजमेकर आणि फॉन्ट. ते मला फार आवडलं. जुना संगणक मरणार ही कायमची धास्ती गेली. त्या सोयीबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे.

गेल्या वर्षी १ सप्टेंबरला एक नवा फॉन्ट बसवायचा होता. काही बिघडलं तर मागे येता यावं म्हणून भाच्याच्या सांगण्यावरून मी स्नॅपशॉट घेतला. स्नॅपशॉट म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. आता कळलं आहे, ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. आम्ही तयार पानावर ट्रेसिंग पेपर ठेवतो आणि दुरुस्त्या त्या ट्रेसिंगवर करतो. खालच्या पानाला हात लागत नाही. वरून पाहिलं की दोन्ही मिळून एकच पान दिसतं. स्नॅपशॉट घेतल्या क्षणापासून मशीनची मूळ डिस्क फाइल अशीच गोठते, आणि पुढचा प्रत्येक बदल फरकाच्या वेगळ्या फाइलीत जातो. वाचताना सॉफ्टवेअर आधी फरकाची फाइल बघतं, तिथे नसेल ते मूळ फाइलीतून घेतं. रचना सुंदर आहे. तिचा सगळा भरवसा मात्र एकाच गोष्टीवर आहे : सगळ्यात वरचा ट्रेसिंग कोणता, हे सॉफ्टवेअरने कधीही विसरता कामा नये.

१ सप्टेंबर ते २३ सप्टेंबर. मध्ये गणपती आले आणि गेले. १७६ पानांचा दिवाळी अंक होता, सोळा पानांचा एक असे ११ फॉर्म. त्यातले ८ फॉर्म लावून झाले होते. २३ तारखेला रात्री तुमच्यापैकी एकाच्या सॉफ्टवेअरने अपडेट आल्याचं सांगितलं. मशीन बंद करून मी ते होऊ दिलं आणि घरी गेले.

सकाळी नऊनंतर सॉफ्टवेअर उघडलं तर एक खिडकी समोर आली. वापरात नसलेली एक डिस्क फाइल सापडली आहे, जागा मोकळी करण्यासाठी ती काढून टाकायची का, असा प्रश्न. संगणकात जागा कमी होत चालली होतीच. मी ‘हो’ म्हटलं. मग मशीन चालू केलं.

घड्याळात २४ सप्टेंबर होता. अंकाच्या फोल्डरमध्ये १ सप्टेंबर होता. एक फॉर्म, १६ पानं, तीही पहिल्या वाचनाआधीची. मला वाटलं चुकीचा फोल्डर उघडला. माझ्याकडे काम करणारी मुलगी आली, तिने पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. “ताई, मी काल रात्री नऊला सेव्ह करून गेले,” ती म्हणाली. ती हे दिवसभरात चार-पाच वेळा म्हणाली. तिला वाटत होतं मी तिच्यावर संशय घेईन. हे मी मुद्दाम लिहिते आहे. डिस्कवरचे बदल नाहीसे होतात तेव्हा पहिला आळ त्या खोलीतल्या सगळ्यात धाकट्या माणसावर येतो. सॉफ्टवेअरवर कोणीच संशय घेत नाही.

भाचा साडेदहाला आला. त्याने मशीनच्या फोल्डरमधली नोंदींची फाइल उघडली आणि बराच वेळ काही बोलला नाही. अपडेटने मशीनची सेटिंगची फाइल नव्याने लिहिली होती, आणि लिहिताना डिस्कच्या साखळीतली शेवटची कडी गाळली होती. मशीन थेट मूळ डिस्ककडे बोट दाखवत होतं. फरकाच्या फाइलीकडे आता कोणाचंच बोट नव्हतं, म्हणून तुमच्या हिशेबाने ती निरुपयोगी झाली. १४.६ जीबीची फाइल. नोंदीत तिचं नाव होतं, आणि ९ वाजून १२ मिनिटांनी काढून टाकल्याची वेळ होती.

“आत्या, तू ते ‘हो’ न दाबता, मशीन चालू न करता मला बोलावलं असतंस तर दहा मिनिटांत परत लावून दिलं असतं,” तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पुसलेली फाइल परत आणायचाही त्याने प्रयत्न केला. पण संगणकात एसएसडी, म्हणजे न फिरणारी नव्या प्रकारची डिस्क, आहे. फाइल पुसली की ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला कळवते की हे कप्पे आता मोकळे, आणि एसएसडी ते लगेच साफ करायला घेते. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेलं काही वेळ तरी मागे उरायचं. इथे दुपारपर्यंत शून्याशिवाय काही हाती आलं नाही.

बॅकअप नव्हता का, असं तुम्ही विचाराल. ग्राहकसेवेच्या पहिल्या उत्तरातही तेच होतं, कृपया बॅकअपमधून पुनर्स्थापना करा. बॅकअप होता. रोज रात्री दहाला मशीनची डिस्क फाइल आपोआप बाहेरच्या डिस्कवर जायची. जायची ती नावाने नेमून दिलेली मूळ फाइल, आणि मूळ फाइल १ सप्टेंबरलाच गोठली होती. २३ रात्री आम्ही तेच एक पान जपून ठेवलं, ट्रेसिंग एकदाही ठेवला नाही. बॅकअपची तारीख मी उघडून बघायला हवी होती, ती बघितली नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी नाकारत नाही. पण स्नॅपशॉट घेताना समोर आलेल्या खिडकीत नाव विचारलं होतं, वर्णन विचारलं होतं. यापुढचे बदल दुसऱ्या फाइलीत जाणार आहेत, बॅकअपमध्ये तीही घ्या, हे एक वाक्य तिथे नव्हतं. ते लिहायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

आता मला जे सगळ्यात जास्त खुपतं ते. भाच्याने मला समजावलं की फरकाच्या प्रत्येक फाइलीत तिची मूळ डिस्क कोणती हे लिहिलेलं असतं. डिस्क फाइलीचा प्रकार क्यूकाउ-२ असो, व्हीएमडीके असो, व्हीडीआय असो की व्हीएचडीएक्स, पद्धत वेगळी, पण ओळख असतेच. म्हणजे ती फाइल स्वतःच सांगत होती की मी अमुक डिस्कची लेक आहे, आणि ती डिस्क त्याच फोल्डरमध्ये शेजारी होती. तिच्यावर आदल्या रात्रीच लिहिलं गेलं होतं. तिला निरुपयोगी ठरवण्याआधी तुमच्या सॉफ्टवेअरने तिचं पहिलं पान उघडून वाचलं असतं तर पुरे होतं. सेटिंगची फाइल एक सांगते, डिस्क दुसरं सांगते, अशा वेळी सॉफ्टवेअरने सेटिंगवर विश्वास ठेवला आणि माणसाच्या कामावर ठेवला नाही. ही निवड कोणीतरी केली आहे, निदान कोणीतरी तिचा विचार करायचं सोडून दिलं आहे.

चुका होतात, हे मला मान्य आहे. चार वाचनं होऊनही अंकाच्या मुखपृष्ठावर चूक राहिलेली मी पाहिली आहे. मी गेले काही महिने भाच्याला विचारून-विचारून हा विषय समजून घेतला, तेव्हा दिसलं की मोठमोठ्यांच्या हातूनही हे झालं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं १८०९ हे अपडेट काढलं. ज्यांनी आपला डॉक्युमेंट्सचा फोल्डर दुसऱ्या जागी वळवला होता, त्यांच्या जुन्या जागी राहिलेला रिकामा फोल्डर काढून टाकायचा, असा त्यामागचा हेतू होता. काहींच्या त्या जुन्या फोल्डरमध्ये फाइली होत्या. त्याही गेल्या. अपडेट २ ऑक्टोबरला आलं आणि त्याच आठवड्यात थांबवावं लागलं, ते पुन्हा आलं १३ नोव्हेंबरला. वाचताना मला कापरं भरलं, कारण माझ्याकडे झालं ते अगदी हेच. सॉफ्टवेअरने जे रिकामं किंवा निरुपयोगी मानलं, ते तसं नव्हतं. आणि त्या प्रकरणातली आणखी एक गोष्ट तुम्ही विसरू नये. अपडेट सगळ्यांना जाण्याच्या आधीच्या चाचणीत काहींनी फाइली गेल्याची तक्रार नोंदवली होती. ‘आमचंही असंच झालं’ म्हणणारे थोडे होते, म्हणून ती ढिगात खाली राहिली. नंतर मायक्रोसॉफ्टने तक्रारीसोबत नुकसान किती गंभीर आहे हे सांगायची सोय केली.

माझ्याही बाबतीत तेच निघालं. माझी तक्रार नोंदवल्यानंतर कळलं की त्याच दोषाची नोंद त्याआधी दोघांनी केली होती, त्यातल्या एकाने ११ दिवस आधी. त्या ११ दिवसांत अपडेट माझ्यापर्यंत येऊन पोचलं. बटणाचा रंग बिघडला ही तक्रार शंभर जणांनी करेपर्यंत थांबायला हरकत नाही. ‘माझं काम नाहीसं झालं’ असं एक माणूस म्हणाला की त्या दिवशी अपडेट थांबलं पाहिजे, आणि तो चुकीचं बोलत असेल तर ते तपासून मगच पुढे गेलं पाहिजे.

हे जमतं, असं दाखवणारे लोक आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची १२.३ ही आवृत्ती यायची होती. तिच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ईएक्सटी-४ या फाइली साठवण्याच्या पद्धतीतला डेटा बिघडू शकतो असा दोष सापडला. त्यांनी ती प्रसिद्धी अडवली, तूर्त अपग्रेड करू नका असं लोकांना उघड सांगितलं, आणि दुरुस्त करून लगेच १२.४ दिली.

गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रामरांचं काम साठवून ठेवणाऱ्या कंपनीचं, उदाहरण तर मी माझ्या टेबलाशेजारी लिहून लावलं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री थकलेल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर पुसला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बॅकअपच्या पाच वाटा होत्या आणि त्यातली एकही धड चालत नव्हती, हे त्या रात्री कळलं. एका अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने स्नॅपशॉट घेतला होता, त्यातून बहुतेक सगळं परत आलं, मधले सहा तास गेले. यातलं काहीही त्यांनी लपवलं नाही. काम चालू असतानाच नोंदी सगळ्यांना वाचायला ठेवल्या, दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, आणि नंतर कुठे काय चुकलं याचा सविस्तर अहवाल लिहिला. त्या अभियंत्याचा बळी दिला नाही. ज्यांचे सहा तास गेले त्यांना निदान काय गेलं आणि का गेलं ते माहीत होतं.

मला काय मिळालं? सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. तिच्या बदलांच्या यादीत, अकराव्या क्रमांकावर, मेनूतल्या एका चिन्हाच्या दुरुस्तीखाली एक ओळ होती : काही परिस्थितीत डिस्कची साखळी चुकीची वाचली जाण्याची समस्या दूर केली. कोणत्या परिस्थितीत? कोणत्या आवृत्तीपासून? ज्याने अजून ‘हो’ दाबलेलं नाही, ज्याची फाइल अजून फोल्डरमध्ये पडून आहे, त्याने काय करावं? त्या सहा आठवड्यांत असे लोक नक्की होते. त्यांना एक सूचना गेली असती, मशीन चालू करू नका, काही पुसू नका, तर ते वाचले असते. नुसतं चालू केलं तरी नुकसान होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मूळ डिस्कवर एकदा लिहिलं गेलं की खालचं पान बदलतं, आणि वरचा ट्रेसिंग त्याच्याशी जुळत नाही.

मी अभियंता नाही, पण चार गोष्टी मागण्याइतकं मला आता कळतं. डिस्कच्या साखळीबद्दल जराही शंका असेल तर मशीन चालूच करू नका. बंद मशीन पाहून मी घाबरेन, चिडेन, भाच्याला फोन करेन, पण माझं काम जागेवर असेल. कोणतीही डिस्क फाइल स्वतःहून पुसायला सुचवू नका. सुचवायचीच असेल तर तिच्या नावापुढे ती किती मोठी आहे आणि तिच्यावर शेवटचं कधी लिहिलं गेलं ते दाखवा. ‘१४.६ जीबी, काल रात्री ९ वाजता’ एवढं त्या खिडकीत असतं तर माझा हात तिथेच थांबला असता. ‘हो’ म्हटल्यावरही ती महिनाभर बाजूला ठेवा. आणि डेटा जाऊ शकतो अशा दोषाची सूचना बदलांच्या यादीत ढकलू नका. ती वेगळी, तारखेसह, आवृत्तीच्या क्रमांकासह, सॉफ्टवेअर उघडताच समोर येऊ द्या, पुढचं अपडेट तयार नसलं तरी. त्याने तुमची अब्रू जाईल असं तुम्हाला वाटत असेल तर एका गिऱ्हाइकाच्या नात्याने सांगते, माझ्या मनातली गेली ती त्या अकराव्या ओळीने गेली.

अंकाचं पुढे काय झालं तेही सांगते. आम्हाला कागदाने वाचवलं. पहिली प्रुफं सगळी होती. आमच्या मुद्रितशोधक काकांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे, ते प्रुफं टाकू देत नाहीत. लाल शाईच्या खुणांनी भरलेले ते गठ्ठे आम्ही कपाटातून काढले आणि पुन्हा टाइप करायला बसलो. शेजारच्या डीटीपीवाल्याने दोन मुलं दिली, पैसे घेतले नाहीत. संपूर्ण नवरात्र आम्ही दुकानातच होतो. दुसऱ्या वाचनाच्या दुरुस्त्या काकांनी पुन्हा सगळं वाचून पुन्हा काढल्या. छापखान्याने आमच्यासाठी दोन दिवस मशीन अडवून ठेवलं. अंक वसुबारसेच्या आदल्या दिवशी बाजारात आला.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. आमच्या अंकात दरवर्षी लिहिणारे एक कवी आहेत, वय ८१. १९ सप्टेंबरला दुपारी ते स्वतः जिना चढून आले, मुलीच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, आणि आपल्या दीर्घकवितेतल्या ११ ओळी पडद्यावरच बदलल्या. एकेक ओळ मोठ्याने म्हणत, पुसत, पुन्हा म्हणत. जवळजवळ तीन तास. कागदावर काही नव्हतं, प्रूफ दुसऱ्या दिवशी काढू असं ठरलं आणि राहून गेलं. २५ तारखेला मी त्यांच्या घरी जाऊन झालेलं सांगितलं. ते रागावले नाहीत. डोळे मिटून बसले आणि ९ ओळी त्यांनी पुन्हा सांगितल्या. उरलेल्या दोन आठवेनात. दोन दिवसांनी त्यांनी फोन करून सांगितलं की त्या जागी जुन्याच ओळी राहू द्या.

अंक तसाच छापला आहे. त्याची प्रत, लाल शाईची प्रुफं, भाच्याने काढून ठेवलेली नोंदींची फाइल आणि त्या आवृत्तीचा क्रमांक, सगळं माझ्याकडे आहे. तुमच्यातल्या पुष्कळांच्या कचेऱ्या माझ्या दुकानापासून फार लांब नाहीत. ज्यांना हे बघायचं असेल त्यांनी यावं. रविवार सोडून रोज रात्री नऊपर्यंत आम्ही असतो.

आपली,
नारायण पेठेतली एक डीटीपी चालक